१९८६ ची अँबेसेडर ठेवावी की ईको घ्यावी? (पेट्रोल, सात माणसं, पांढरकवडा पट्टा)

कापूसवाडी

गाडी: अँबेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल, १९८६ ची, कॉलम गिअर. पासिंग येत्या मार्चात संपते.
वापर: महिन्याला अंदाजे १००० किमी. निम्मं गाव ते पांढरकवडा, त्यातही बराच रस्ता खडीचा. बाकी यवतमाळ आणि हायवेने नागपूर.
माणसं: सात. त्यात दोन लहान, एक आजी (गुडघ्याचा त्रास). हंगामात खताची पाच पोती.
पर्याय: नवी किंवा दोन-तीन वर्षं वापरलेली मारुती ईको, पेट्रोल.

मिस्त्री म्हणतो इंजिन करून घ्या, अजून पंधरा वर्षं पाहायला नको. शोरूमवाला काय म्हणणार ते सांगायची गरज नाही. भावनेचं बाजूला ठेवून हिशेब सांगा.

पाना_नंबर_१४

इंजिन शेवटी पाहायचं, आधी पत्रा. अँबेसेडरखाली जीपसारखी वेगळी चेसिस आहे असा पुष्कळांचा समज असतो. तशी नाही. मुळात ती मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ ची बॉडी, म्हणजे मोनोकॉक (बॉडी हीच चेसिस). फरशी, दाराखालच्या पेट्या (सिल) आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर हीच तिची हाडं. इंजिन शंभरदा बांधता येते. हाडं सडली तर बांधलेलं इंजिन कुठं ठेवणार?

अर्ध्या तासात कळते. मॅट आणि खालचा नमदा पूर्ण उचला. नमदा ओला राहतो आणि पत्रा त्याच्याखालूनच जातो. ड्रायव्हरच्या पायाजवळ, मागच्या सीटखाली, आणि गाडीखाली पडून मागच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाला जुन्या स्क्रू ड्रायव्हरने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथं पत्रा नाही, नुसता डांबराचा लेप आहे.

दुसरी तपासणी त्याहून खरी. एका बाजूला सिलच्या जॅक पॉइंटखाली जॅक लावा, त्या बाजूचं पुढचं चाक जमिनीवरून सुटेल इतकंच उचला आणि दोन्ही दारं उघडून-लावून पाहा. आधी सहज लागणारं दार आता खालून घासत असेल किंवा लॉक वर-खाली बसत असेल, तर बॉडी मधे वाकते आहे. जॅकच पत्र्यात घुसला तर पुढचं पाहायचं कामच नाही.

हे केल्याशिवाय इंजिनाला हात लावू देऊ नका.

फिलर_गेज

पत्र्याचं वर आलं. इंजिनाचं सांगतो, कारण "इंजिन करा" हे वाक्य मिस्त्रीच्या तोंडी फार लवकर येते.

आधी कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची मधली वायर काढून ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे सेल्फ मारा. चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा, जागचा हलला नाही तर वॉल (व्हॉल्व्ह) किंवा हेड गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकदम पडला असेल तर बहुतेक गॅस्केट मधे जळलेली. यातल्या दोन गोष्टींसाठी नुसतं हेड खोलावं लागते, पूर्ण इंजिन नाही. पैशात फार फरक पडतो.

मग टॅपेट, म्हणजे वॉल आणि रॉकरमधली फट. गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग, म्हणजे ०.३८ मिमी). वॉल पुढून मागे १ ते ८ मोजा आणि बेरीज ९ चा नियम धरा: आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सातवा दाबलेला असताना दुसरा, असं. एक्झॉस्टचे १, ४, ५ आणि ८.

या चार एक्झॉस्ट वॉलच्या गॅप वहीत लिहून ठेवा. दोनेक हजार किमीनंतर पुन्हा मोजल्यावर एक्झॉस्टचीच गॅप कमी-कमी होत असेल तर वॉल सीट आत खचते आहे. देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. या जुन्या हेडमध्ये सीट वेगळी बसवलेली नसते, बिडातच कापलेली असते, आणि शिशाचा जो थर तिला वाचवायचा तो आता नाही. सावकाश चालवलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. हायवेवर सतत ८० ने हाणली की खचते. उपाय: हेड काढून चार एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेणे. नागपुरात मशीन शॉपला हे नेहमीचं काम आहे.

ऑइल गळतीचंही सांगतो. या इंजिनाला मागच्या बाजूला क्रँकवर रबरी सील नाही, आटे पाडलेले आहेत. फिरताना ते ऑइल आत ढकलतात. उभ्या गाडीखाली रात्रभरात रुपयाएवढा डाग पडणं हा दोष धरू नका. डाग ताटाएवढा झाला आणि क्लच सरकू लागला, तर आत रिंगांतून प्रेशर सुटते आहे असं समजा. मागून सील शोधत बसू नका.

दुपारचं_ऊन

आपल्याकडच्या मे महिन्याचा मुद्दा कोणी काढला नाही. ४५ अंशात दोन्ही गाड्या त्रास देतात, पण वेगवेगळा.

अँबेसेडरच्या या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. म्हणजे चूल खाली आणि पेट्रोलची वाटी वर. चालताना हवा लागते म्हणून निभते. पांढरकवड्यात बाजारात दहा मिनिटं बंद करून उभी केली की खालची उष्णता वर चढते, पाइपात आणि पंपात पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. मग सेल्फ नुसता फिरत राहतो. ओलं फडकं पंपावर ठेवणं हा उपाय खोटा नाही, पण तो तेवढ्यापुरता. कायमचं करायचं असेल तर:

मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा, दोन्हीकडे मोकळी हवा राहील असा. पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून किमान दोन इंच लांबून फिरवायचा. आणि टाकीजवळ १२ व्होल्टचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. इथं चूक होते. दुकानदार इंजेक्शन गाडीचा पंप देतो. एसयू कंपनीच्या कार्बोरेटरला अडीच ते तीन पीएसआय पुष्कळ झालं. त्याच्यावर दाब गेला की फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही, कार्बोरेटर ओसंडतो, आणि खाली काय आहे ते वर सांगितलंच आहे. पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, इंजिन बंद पडलं की पंपही बंद.

आता ईको. तिला इंजेक्शन आहे, पंप टाकीत आहे, वाफेचा प्रश्न जवळजवळ नाही. पण इंजिन कुठं आहे? पुढच्या सीटच्या खाली. एप्रिल-मेमध्ये दोन तास चाललं की बुडाखालून ऊब जाणवते. आणि शोरूममध्ये आपणहून सांगत नाहीत अशी गोष्ट: सात सीटची ईको बिना एसीची येत होती, एसी पाच सीटच्या गाडीत. सात माणसं आणि एसी दोन्ही एका ईकोत नाहीत.

कापूसवाडी

हे माहीत नव्हतं. सात सीटवाली नवी मिळते ना अजून?

लोणार_एक्स्प्रेस

नाही. २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या तेव्हा सात सीटची बंद होऊन सहा सीटची आली. सात सीट हवी तर वापरलेलीच पाहावी लागेल, एअरबॅग कमी असलेली. आणि तुमच्या अँबेसेडरच्या आरसीवर पाच लिहिलेलं असेल, पाहून घ्या. पुढच्या बाकावर तिघं बसतात हा बाकाचा गुण झाला, विमा कंपनी तो मानत नाही.

कागदाचं एकदाच लिहितो.

पासिंग: खाजगी गाडीला १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५, मुदत संपायच्या ६० दिवसांच्या आत. कारची फी १५ ते २० वर्षांपर्यंत ५००० होती, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली. तुमची दुसऱ्या गटात. वर पर्यावरण कर वेगळा.

दिल्लीचा १०-१५ वर्षांचा नियम आपल्याकडे लागू नाही. व्हॉट्सॲपवर फिरते ते तिथलं आहे.

व्हिंटेजचा विचार डोक्यातून काढा. त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, म्हणजे तुमची २०३६ मध्ये. शिवाय तो नंबर घेतला की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

थर्ड पार्टी विमा: १००० ते १५०० सीसी एकच गट, २०२२ मध्ये ठरलेला दर ३४१६ अधिक जीएसटी. १४८९ ची अँबेसेडर आणि ११९७ ची ईको दोन्ही त्यातच. इसुझु इंजिनाची १८१७ सीसीची अँबेसेडर असती तर ७८९७ च्या गटात गेली असती. अकरा सीसीने वाचलात.

पीयूसी: तुमच्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) १५०० पीपीएमपर्यंत चालते. नीट ट्यून केलेली १४८९ त्यात बसते. बसत नसेल तर मशीनवाल्याशी भांडू नका, चोकची वायर अर्धी अडकली आहे का ते पाहा.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली नसेल तर आधी ती.

काळी_माती

पेट्रोलचा हिशेब कोनीच नाई केला, मंग मी करतो. अँबेसेडर आपल्या रोडवर १० देते. ११ म्हननारे लोक उतारावर मोजतात. ईको भरल्या गाडीले १५ धरा, कागदावर १९ च्या वर आहे ते इसरा. महिन्याले १००० किमी म्हंजे १०० लिटर न् ६७ लिटर. लिटरले १०५ रुपये धरले त साडेतीन हजाराचा फरक महिन्याले. वर्षाचे बेचाळीस हजार. ईकोचा हप्ता त्याच्याहून लय मोठा येते. म्हंजे "पेट्रोल वाचवाले नवी गाडी" हे गनित जुळत नाई. नवी घ्या पन दुसऱ्या कारनानं घ्या.

आता खताचं. युरियाचं पोतं ४५ किलो, डीएपीचं ५०. डीएपीचे पाच पोते म्हंजे अडीचशे किलो, चार मानसं. अँबेसेडरची डिक्की मागच्या एक्सलच्या मांगं आहे. तिथं अडीचशे टाकले की पुढचं तोंड वर होते, स्टेअरिंग हलकं पडते, लाइट समोरच्याच्या डोयात जाते. तीन पोते मागच्या सीटपुढं खाली, दोन डिक्कीत, असं करा. ईकोत मधली सीट काढली त पोते दोन एक्सलच्या मधात बसतात, गाडी सरळ राह्यते. या कामात ईकोले तोड नाई.

पन चाक पाहा. ईकोले १३ इंची, अँबेसेडरले १५ इंची. खडीचा रोड न् बैलबंडीची चाकोरी असन त मोठं चाक खड्ड्यावरून जाते, लहान त्यात उतरते. पावसायात काया मातीत दोन्हीही फसतात, ते सोडा. दोन्ही मांगच्या चाकावर चालनाऱ्या, मांगं वजन असलं त निघतात तरी.

उंदीर! सोयाबीन न् कापूस ज्या खोलीत, त्याच्याच बाजूले गाडी. अँबेसेडरची वायर कुरतडली त टेस्ट लॅम्प घेऊन गावातला पोरगा तासाभरात जोडते. ईकोचं हार्नेस कुरतडलं त चेक इंजिन लागते, गाडी दम धरत नाई, न् कोनती वायर ते स्कॅनरशिवाय समजत नाई. सीटखालचं झाकन आठ दिवसाले एकदा उचलून पाहा. लेंड्या दिसल्या की समजा. खालून पाव इंची जाळी मारून घ्या, पन सायलेन्सर न् पट्ट्यापासून दूर.

दुपारचं_ऊन

काळी_माती, १० चा आकडा बरोबर आहे, पण ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मोजलंत का? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ताकद तिथंच गेली. इंजेक्शन गाडी ऑक्सिजन सेन्सर पाहून आपणहून मिश्रण सुधारते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पातळ मिश्रण देत राहतो. गाडी तापते, चढाला दम लागत नाही, कार्बोरेटरमधून फट्कन उलटते.

फिलर_गेज

ते दुरुस्त करता येते. एसयूच्या खाली जेटचा षट्कोनी नट असतो. गरम इंजिनावर तो एक फ्लॅट, म्हणजे सहाव्या हिश्श्याने, खाली उतरवायचा. जेट खाली म्हणजे मिश्रण जाड. मग कार्बोरेटरचा पिस्टन फक्त एक मिमी उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर जाड. बसू लागलं तर पातळ. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. डॅशपॉटमध्ये (त्या पिस्टनच्या वरच्या नळीत) पातळ ऑइल आहे का तेही पाहा. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर खोकते आणि सगळे जेटला दोष देतात. सोलेक्स कार्बोरेटर बसवलेला असेल तर असा जेटचा नट नाही, मेन जेट एक नंबर मोठा लागतो.

खरा धोका रबराचा. जुने काळे पाइप, पंपाचा डायफ्राम आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मऊ होतात. पाइप एसएई जे३० आर९ छापलेलेच घ्या, मीटरमागे थोडे जास्त पैसे गेले तरी. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होते आणि टाकी आतून गंजते. कार्बोरेटरच्या वाटीत तांबूस गाळ दिसला तर तो टाकीतला आहे. आधी टाकी धुवा, मग कार्बोरेटर. उलटं केलं तर आठवड्यात पुन्हा तेच.

वापरलेली ईको घेतलीत तर एप्रिल २०२३ किंवा नंतरचीच घ्या, त्या ई२० साठी बनलेल्या आहेत.

पाना_नंबर_१४

ब्रेकचं राहिलं, आणि सात माणसांत तेच पहिलं यायला हवं होतं.

या अँबेसेडरला चारही ड्रम. पुढच्या ड्रमात दोन्ही शूंना आपापला सिलिंडर आणि आपापला ॲडजस्टर. पुष्कळ ठिकाणी एकच आवळतात, मग ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते आणि अलाइनमेंटवर पैसे जातात. चाक उचलून प्रत्येक ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेल इतका सोडा. दर २०००-२५०० किमीला.

मास्टर सिलिंडर टँडम (दोन सर्किटचा) आहे का ते पाहा. नसेल तर चारही चाकांचं एकच सर्किट, एक पाइप फुटला की पेडल फरशीला. स्टीलचे पाइप पाट्यांजवळ आणि क्लिपांखाली आतून गंजतात. फ्लुइड दोन वर्षांनी पूर्ण बदला, ते हवेतली ओल शोषते आणि चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना उकळते. घाटात ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

ईकोला पुढे डिस्क, मागे ड्रम. ओल्या रस्त्यावर आणि घाटात निश्चित बरी. पण ती १४७५ मिमी रुंद आणि १८२५ मिमी उंच आहे, आणि पुढे नाक फार थोडं. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून ईकोने १२० जाऊ नये. बाजूने ट्रेलर गेला की हवेचा धक्का कळतो. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेने बिना एअरबॅगची ईको आपटली तेव्हा मोठ्यांसाठी शून्य तारे आले होते. आताच्या गाडीला एअरबॅग आहेत, तो आकडा तिला जसाच्या तसा लावू नका. अँबेसेडरचा जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता, हेही मनातून काढा. पत्रा दबत नाही तेव्हा धक्का आतल्या माणसाला बसतो. तिच्या मागच्या सीटला बेल्टसुद्धा नसेल.

लोणार_एक्स्प्रेस

सात माणसं, एसी आणि नागपूर हायवे, हे तिन्ही हवं असेल तर तुमची तुलना ईकोशी नाहीच, एर्टिगाशी आहे. १४६२ सीसी, विमा त्याच गटात, १५ इंची चाक, लांबी जवळपास अँबेसेडरएवढीच. तिसरी रांग लावली की डिक्की नावापुरती, हे मात्र आहे. आणि खत? ते बंडीनं आणा ना भाऊ.

काळी_माती

एर्टिगात डीएपी टाकनाऱ्याले मी पाह्यलं आहे. वास जात नाई.

दुपारचं_ऊन

आजीच्या गुडघ्याचं कोणी बोललं नाही. अँबेसेडरची मागची सीट खुर्चीच्या उंचीची, दार रुंद, पाय आधी जमिनीवर टेकतात. ईकोत पाय उचलून चढावं लागते. सरकत्या दाराला खाली लाकडी पाट बसवून देणारे आहेत. बसवायचाच असेल तर गाडीच्या मुख्य भागाला बोल्ट केलेला हवा, दाराच्या रुळाला नव्हे.

फिलर_गेज

वापरलेली ईको पाहायला गेलात तर एवढं पाहा. पेडलचं रबर गुळगुळीत आणि सरकत्या दाराचे रोलर ढिले, पण मीटरवर तीस हजार, तर गाडी वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) चाललेली आहे. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून टक् आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. तो स्वस्तात होतो, पण भाव करायला कामी येतो. मागे फरशीत चार मोठी बुजवलेली भोकं असतील तर सीएनजीची टाकी काढलेली आहे. अशा वेळी वायरिंग कापून जोडलेलं असते, स्कॅनर लावल्याशिवाय सौदा करू नका. आणि पेट्रोलची टाकी रिझर्व्हवर चालवायची सवय असलेल्याची गाडी टाळा. पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो, उन्हाळ्यात कोरडा चालला की जळतो.

बॅटरी उतरली तर: अँबेसेडरला हँडल मारा. ईकोला ढकलून सुरू करू नका. कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. जम्पर केबल ठेवा.

कापूसवाडी

सांगितल्याप्रमाणे पाहिलं. आकडे:
कम्प्रेशन १३०, १२५, १३०, १०५. चौथ्यात ऑइल टाकल्यावरही १०५ च.
एक्झॉस्ट टॅपेट गॅप: १४, १२, १३, ६.
जॅक लावल्यावर उजवीकडची दोन्ही दारं ठीक. डावीकडचं मागचं दार खाली घासते. डाव्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तळहाताएवढी जागा. सिलचं टोकही मऊ आहे. बाकी फरशी खणखणीत.
ब्रेक सर्किट एकच.

फिलर_गेज

चौथ्याचा एक्झॉस्ट वॉल. गॅप ६ वर आली म्हणजे सीट खचली आणि वॉल नीट बसत नाही. रिंगा चांगल्या आहेत. आज गॅप १५ करून पुन्हा मोजा, आकडा थोडा वर येईल. हेडचं काम, चार सीट, नवे एक्झॉस्ट वॉल, गॅस्केट. पूर्ण इंजिन खोलायचं म्हणेल त्याला हे आकडे दाखवा.

पाना_नंबर_१४

हँगरचं काम आधी, हेड नंतर. हे कसं करून घ्यायचं ते नीट वाचा, कारण तळहाताएवढं भोक आहे म्हणून डेंटिंगवाला वरून पत्रा ठेवून चार टाके मारतो आणि लेप फासतो. तो टाका सडलेल्या पत्र्यालाच लागलेला असतो.

बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवा. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, पण पुढे-मागे दोन टोकांना नव्हे. डाव्या सिलच्या आतल्या बाजूनेही आधार द्या आणि दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी तात्पुरती टाकून घ्या. नाहीतर सिल कापल्यावर बॉडी बसते आणि दार पुन्हा कधी लागत नाही. सडका पत्रा चांगला चकचकीत धातू दिसेपर्यंत कापा, मागे-पुढे दोन-दोन इंच जास्तच. हँगरभोवती १६ गेज, फरशीला १८ गेज. सीओटू वेल्डिंग, गॅसने पितळ नाही. सलग ओढू नये, इंचभर इकडे, इंचभर तिकडे, पत्रा पिळतो. हँगरच्या प्लेटला आतून बाहेरून दोन्हीकडे वेल्ड. प्रायमर, मग लेप, आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं लेपाने बुजली नाहीत ना ते तारेने पाहा. मागे ती बुजवली असतील, म्हणूनच सडलं असावं.

काम झालं की पट्टी काढण्याआधी दार लावून पाहा. टँडम मास्टर सिलिंडर आणि नवे ब्रेक पाइप याच वेळी टाकून घ्या, गाडी वर आहेच.

कापूसवाडी

हे सगळं करून मार्चच्या आत आरटीओत उभी करतो. सातही जणांना घेऊन नागपूरला मात्र तिने जायचं नाही, तेवढ्यासाठी भाड्याची गाडी. १६ गेजचा पत्रा पांढरकवड्यात मिळेल की यवतमाळहून आणू?

काळी_माती

ट्रॉली बनवनाऱ्याकडं पाहा. त्याच्याकडं कापलेले तुकडे राह्यतात, किलोनं देते. गंज नसलेला पाहून घ्या, न् जाडी फिलर गेजनं नाई, व्हर्नियरनं मोजा. दीड मिमीच्या वर पायजे.